कॅनरी बेटांवर हिवाळ्यातली सुट्टी: व्हिला निवडण्यापासून किल्ली परत करेपर्यंत

नोव्हेंबर ते मार्च उत्तर युरोपात उन्हाचा दुष्काळ असतो. अशा वेळी ब्रिटन-आयर्लंडहून चार-साडेचार तासांच्या विमानप्रवासात वीस-बावीस अंशांची दुपार मिळते ती कॅनरी बेटांवर. बेटं स्पेनची, पण मोरोक्कोच्या किनाऱ्यासमोर अटलांटिकमध्ये, साधारण २८ अंश उत्तर अक्षांशावर. हॉटेलांना इथे तोटा नाही. तरी सहा-आठ जणांचं कुटुंब असेल, बरोबर लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील, तर स्वतःचं स्वयंपाकघर आणि खासगी पूल (पोहण्याचा तलाव) असलेला व्हिला माणशी हिशेबात बहुधा परवडतो.

फसगत होते ती एका ठिकाणी. जाहिरातीतले फोटो उन्हाळ्यातले असतात आणि तुम्ही जाणार असता हिवाळ्यात. सूर्याची उंची, वारा, पुलाचं पाणी, घरातली फरशी, सगळंच त्या दिवसांत वेगळं वागतं. म्हणून या लेखात खोल्या आणि सजावटीपेक्षा दिशा, उंची आणि वारा यांवर जास्त भर आहे. खोल्या कुणालाही मोजता येतात.

आधी बेट, मग बेटाची बाजू

वस्ती असलेली बेटं आठ. व्हिलासाठी मुख्यतः चारच विचारात घ्यावीत: लान्झारोते, फुएर्तेव्हेन्तुरा, ग्रान कनारिया आणि तेनेरीफे. ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे उंच डोंगरांना अडतात आणि उत्तर उतारावर ढग साचतात. तेनेरीफेवरच्या तेइदे ज्वालामुखीची उंची ३,७१५ मीटर. त्यामुळे तेनेरीफेच्या उत्तरेला हिरवळ आणि ढग, तर दक्षिणेला कोरडं ऊन. ग्रान कनारियातही हाच प्रकार. या दोन बेटांवर हिवाळ्यात दक्षिण किंवा नैऋत्य किनारा सोडून दुसरीकडे घर घेऊ नका, भाडं कितीही कमी असो. म्हणजे तेनेरीफेत लोस क्रिस्तियानोस ते कोस्ता आदेखे हा पट्टा, आणि ग्रान कनारियात मास्पालोमास ते मोगान.

लान्झारोते आणि फुएर्तेव्हेन्तुरा ठेंगणी आहेत. लान्झारोतेचा सर्वांत उंच भाग ६७१ मीटरचा, त्यामुळे तिथे ढग अडत नाहीत. पण वाराही अडत नाही. या दोन बेटांवर उन्हापेक्षा वाऱ्याचा आडोसा शोधायचा असतो. लान्झारोतेत दक्षिण टोकाचं प्लाया ब्लांका त्यातल्या त्यात निवाऱ्याचं, विमानतळापासून सुमारे ३० किलोमीटर. पुएर्तो देल कार्मेन जास्त जवळ आणि जास्त गजबजलेलं. मात्र त्याचा पूर्वेकडचा मातागोर्दा भाग धावपट्टीला लागून आहे. कोस्ता तेगिसे वाऱ्याचं, विंडसर्फिंगवाल्यांच्या आवडीचं. फुएर्तेव्हेन्तुरात उत्तरेचं कोरालेहो आणि दक्षिणेचं कोस्ता काल्मा यांच्यात अंतर बरंच आहे, तेव्हा विमान रात्री उतरणार असेल तर तेही गणितात धरा.

लहान मुलं घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यांना आम्ही लान्झारोते सुचवू. चित्रकार-शिल्पकार सेझार मानरिके (१९१९–१९९२) यांच्या आग्रहामुळे तिथे टोलेजंग इमारतींऐवजी ठेंगणी पांढरी घरं उभी राहिली, आणि स्वतःचा पूल असलेली सुटी घरं तिथे मुबलक आहेत. डोंगर, जंगल, चालण्याच्या वाटा हव्या असतील तर मात्र तेनेरीफे.

कोणता महिना

नोव्हेंबरात समुद्र अजून उबदार असतो, बावीस अंशांच्या आसपास. जानेवारी-फेब्रुवारीत हवा सर्वांत गार: दुपारी वीस-एकवीस, रात्री चौदा-पंधरा. समुद्र सर्वांत थंड होतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, एकोणीसपर्यंत. पाऊस थोडा, पण येतो तेव्हा एकदम. नाताळ ते ६ जानेवारी आणि फेब्रुवारीतली शाळांची सुट्टी हा महागडा काळ. त्यासाठी आठ-दहा महिने आधी घर धरावं लागतं. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे आणि जानेवारीचा उत्तरार्ध सर्वांत स्वस्त. शाळेचं बंधन नसेल तर हेच धरा.

घराची दिशा: सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट

जुलैत या बेटांवर दुपारचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. घराची सावली घराच्या पायाशीच पडते. डिसेंबरात तो क्षितिजापासून अवघा ३७-३८ अंश वर येतो, आणि तोही दक्षिणेला. अशा वेळी सावली वस्तूच्या उंचीच्या साधारण १.३ पट पडते. साडेसहा मीटर उंच दुमजली घराच्या उत्तरेला पूल असेल तर भर दुपारी साडेआठ मीटरपर्यंत सावली, म्हणजे अख्खा पूल आणि त्याच्या कडेच्या खुर्च्या अंधारात. चार वाजेपर्यंत हीच सावली उंचीच्या अडीच पट होते. तीन मीटरची कुंपणभिंतसुद्धा तेव्हा साडेसात मीटर जमीन खाते.

फोटोत हे कधीच कळत नाही, उपग्रह नकाशात कळतं. घरमालकाकडून नेमकं ठिकाण किंवा निदान गल्ली मागून घ्या. नकाशात उत्तर वर ठेवून पूल घराच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहा. दक्षिण किंवा नैऋत्य असेल तर उत्तम, कारण वारा ईशान्येचा असल्यामुळे घरच वाऱ्याला आडवं येतं. ऊन आणि आडोसा दोन्ही एकाच निकषात मिळतात. पूल पूर्वेला असेल तर सकाळ छान, पण दुपारनंतर सगळे घरात. उत्तरेला असेल तर तो व्हिला हिवाळ्यासाठी सोडूनच द्या.

मग ऑनलाइन नकाशातल्या रस्त्यावरच्या दृश्यात (स्ट्रीट व्ह्यू) जाऊन नैऋत्येकडे बघा: टेकडी आहे का, शेजाऱ्याचा दुसरा मजला आहे का? ग्रान कनारियात पुएर्तो रिकोसारखी गावं खोल घळींच्या उतारावर बांधलेली आहेत. तिथे डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास असला, तरी घळीच्या तळाशी ऊन त्याच्या बरंच आधी जातं. अशा उतारावर पायऱ्याही भरपूर. गुडघेदुखीची माणसं बरोबर असतील तर गाडी लावायच्या जागेपासून दारापर्यंत आणि दारापासून पुलापर्यंत किती पायऱ्या, हे आकड्यात विचारा. ‘थोड्याशा’ या उत्तराला अर्थ नाही.

उंचीचंही बघा. लान्झारोतेत आतल्या बाजूला, टेकडीच्या उतारावरची घरं देखणी आणि आवारानं मोठी असतात, दृश्यही झकास. पण किनाऱ्यापेक्षा तिथे वारा जास्त आणि संध्याकाळ एक-दोन अंशांनी गार. उन्हाळ्यात हीच घरं सुखाची.

पूल गरम म्हणजे किती गरम?

न तापवलेला खासगी पूल जानेवारीत १७-१८ अंशांवर असतो. मुलं पाय बुडवून किंचाळतात आणि आठवडाभर पूल शोभेपुरता उरतो. पोहायला २७-२८ अंश लागतात.

जाहिरातीत ‘गरम पूल’ लिहिलेलं असलं तरी त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात आणणारं विजेवरचं यंत्र), छपरावरच्या सोलर नळ्या, किंवा नुसतं वरून अंथरायचं बुडबुड्यांचं आच्छादन. हिवाळ्यात भरवशाचा फक्त हीट पंप. सोलरला तेव्हाच ऊन कमी मिळतं जेव्हा त्याची गरज जास्त असते. आणि नुसतं आच्छादन उष्णता राखतं, निर्माण करत नाही.

आता थोडं गणित, कारण वाद इथेच होतात. आठ बाय चार मीटरचा, सरासरी १.४ मीटर खोल पूल म्हणजे सुमारे ४५ हजार लिटर पाणी. हजार लिटर पाणी एक अंश तापवायला १.१६ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते. अठरावरून अठ्ठावीसवर न्यायला सव्वापाचशे युनिट. १२ किलोवॉट उष्णता देणारा पंप हे काम सलग चाललाच तर ४४ तासांत करेल, आणि तेही वाटेत काही वाया गेलं नाही असं धरून. पण पुष्कळ घरांत हीट पंप फिल्टरच्या टायमरवर चालतो, दिवसाचे आठ तास. मग सहा दिवस लागतात! शनिवारी आलेल्या पाहुण्यांना शुक्रवारी गरम पूल मिळतो, आणि शनिवारी परत निघायचं असतं.

म्हणून बुकिंग करतानाच हे लेखी घ्या: यंत्र कोणतं, किती अंशांची हमी, पोचण्याच्या किती दिवस आधी सुरू करणार, रोज किती तास चालणार, आच्छादन आहे का, आणि तापमान गाठलं नाही तर तापवण्याचे वेगळे घेतलेले पैसे परत मिळतील का. आच्छादनाबद्दल तडजोड करू नका. वाऱ्याच्या दिवसात उघड्या पुलावरून पाच मिलिमीटर पाणी वाफ होऊन गेलं, तर तेवढ्यानं पूल दोन अंशांनी उतरतो. रोज संध्याकाळी शेवटचा माणूस बाहेर आला की आच्छादन घालायचं काम कुणाला तरी नेमून द्या. पोहायला उतरताना ते पूर्ण गुंडाळा; अर्धवट ओढलेल्या आच्छादनाखाली मूल अडकण्याचा धोका असतो.

पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर पुलाभोवती कुलूपबंद होणारं फाटक आहे का, तेही विचारा. अनेक घरांत बैठकीचं काचेचं दार थेट पुलाच्या काठावर उघडतं.

नोंदणी, पैसे आणि खोटी घरं

कॅनरी बेटांवर सुट्टीसाठी भाड्यानं दिलेल्या घराला नोंदणी क्रमांक लागतो. घरगुती व्हिलांचा क्रमांक सहसा ‘व्हीव्ही’ने सुरू होतो आणि पुढे ३५ किंवा ३८ हा प्रांताचा आकडा असतो. लान्झारोते, फुएर्तेव्हेन्तुरा आणि ग्रान कनारिया ३५ मध्ये. तेनेरीफे, ला पाल्मा, ला गोमेरा आणि एल हिएर्रो ३८ मध्ये. लान्झारोतेच्या घराला ३८ दिसला तर लगेच खुलासा मागा. शिवाय १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन संकेतस्थळांवरच्या अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांना स्पेनचा राष्ट्रीय क्रमांकही लागतो.

ठगांची पद्धत ठरलेली: खऱ्या घराचे फोटो, बाजारापेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी भाडं, आणि ‘संकेतस्थळाचं कमिशन वाचवू, थेट बँकेत भरा’. तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे याचा शोध घ्या. तेच घर दुसऱ्या नावानं, दुसऱ्या बेटावर दिसलं की विषय संपला. पैसे संकेतस्थळावरूनच किंवा क्रेडिट कार्डानं भरा.

भाड्याचा आकडा ताडताना सफाई, पूल तापवणं, उशिरा येण्याचा आकार, एसी आणि अनामत हे सगळं मिळवून माणशी-रात्रीचा भाव काढा. सात रात्रींच्या मुक्कामात सफाईचा आकार सात ठिकाणी वाटला जातो, तीन रात्रींत तीनच ठिकाणी. म्हणून छोट्या मुक्कामाला व्हिला महाग पडतो.

बुकिंगनंतर घरमालक प्रत्येकाचा पासपोर्ट क्रमांक, पत्ता, फोन आणि मुलांशी असलेलं नातं विचारेल. घाबरू नका, २ डिसेंबर २०२४ पासून स्पेनच्या नियमानं त्याला ही माहिती सरकारकडे नोंदवावी लागते. फक्त पासपोर्टचे फोटो चॅटवर पाठवण्याऐवजी ऑनलाइन फॉर्मची लिंक मागा.

कागदपत्रं

बेटं शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, ब्रिटनचा रहिवासी परवाना असला तरीही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने ते पंधरा दिवस आधी करता येतो; जून २०२४ पासून प्रौढांचं शुल्क ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. घराच्या पावतीवर सगळ्यांची नावं हवीत, एकट्या बुकिंग करणाऱ्याचं असून भागत नाही. नाताळच्या आसपासच्या प्रवासासाठी व्हिसा अर्जाच्या भेटीच्या वेळा लवकर संपतात, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरातच हात घाला. विमानाचं तिकीट आणि घर दोन्ही रद्द करता येतील असेच घ्या. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध हवा, हे ब्रिटिश पासपोर्टवाल्यांनाही लागू आहे.

खाण्याचं सामान नेताना एक लक्षात ठेवा: युरोपीय संघाबाहेरून, म्हणजे ब्रिटनमधूनही, मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. बाळाच्या दूध पावडरीला दोन किलोपर्यंत सूट आहे. चीज-दही तिथेच घ्या. फुएर्तेव्हेन्तुराचं बकरीच्या दुधाचं माहोरेरो चीज तर घ्यावंच असं आहे.

गाडी

वाहतूक उजव्या बाजूनं. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मागच्या सीटवर आणि योग्य बालआसनावरच बसवायचं. आसनं बुकिंगच्या वेळीच सांगा. विमा शून्य कपातीचा (म्हणजे नुकसान झालं तर स्वतःच्या खिशातून काही भरावं लागू नये असा) आणि टायर-काचांसह घ्या. लाव्हाच्या कच्च्या वाटांवर तेच आधी जातात. फेरीनं गाडी दुसऱ्या बेटावर न्यायची असेल तर कंपनीची लेखी परवानगी आधी मिळवा, नाहीतर विमा कामाला येत नाही. आठ जण आणि आठ बॅगा नऊ आसनी गाडीतही कोंबाव्या लागतात. दोन लहान गाड्या अनेकदा सोयीच्या पडतात.

पहिली संध्याकाळ

बहुतेक सुपरमार्केट रात्री साडेनऊ-दहाला मिटतात आणि काही मोठी दुकानं रविवारी उघडतच नाहीत. विमान संध्याकाळी सातनंतर उतरत असेल तर एकानं गाडीच्या रांगेत उभं राहायचं आणि बाकीच्यांनी वाटेतल्या दुकानाची वेळ बघून ठेवायची. लान्झारोते आणि फुएर्तेव्हेन्तुरात नळाला समुद्राचं निःक्षारित पाणी येतं. वापरायला चालतं, पण चव आवडत नाही म्हणून बहुतेक लोक पिण्याचं पाणी विकत घेतात. सहा जणांना पिणं आणि स्वयंपाक धरून दोन दिवसांना आठ लिटरचे चार कॅन लागतात. बरोबर तेल, मीठ, भांडी घासायचा साबण, डिशवॉशरच्या गोळ्या आणि टॉयलेट पेपर. घरात यातलं एखाद्या दिवसापुरतंच ठेवलेलं असतं. ५ जानेवारीला पोचत असाल तर दोन दिवसांचं भरून घ्या, कारण ६ तारखेला तीन राजांचा सण असतो आणि दुकानं बंद.

स्वयंपाकघरात काचेची इलेक्ट्रिक शेगडी आणि ओव्हन असतो. सुऱ्या बोथट असतात, मोठं पातेलं एकच असतं आणि प्रेशर कुकर बहुधा नसतो. आठ जणांचं रांधायचं तर एक धारदार सुरी (चेक-इन बॅगेत) न्या. इंडक्शन आहे का तेही विचारा, त्यावर ॲल्युमिनियमची भांडी चालत नाहीत.

लाइट गेली, गरम पाणी संपलं, थंडी वाजली

स्पेनमध्ये घराची वीज ठरावीक कमाल भाराची घेतलेली असते. लहान घरांत ४.६ किंवा ५.७५ किलोवॉट हे नेहमीचे आकडे. शेगडीच्या दोन चुली, ओव्हन आणि किटली एकदम लावली की आठ किलोवॉट होतात आणि घर अंधारात. मुख्य दाराजवळची स्विचची पेटी उघडा. एकही बटण खाली पडलेलं नसेल तर मीटरनंच पुरवठा तोडला आहे: एक-दोन उपकरणं बंद करा, मुख्य स्विच खाली ओढा, अर्धा-एक मिनिट थांबा, पुन्हा वर करा. चाचणीचं छोटं बटण असलेला स्विच पडला असेल तर कुठेतरी गळती आहे. सगळे प्लग काढून तो वर करा आणि एकेक प्लग लावत दोषी शोधा. बहुधा किटली किंवा बाहेरच्या अंगणातला भिजलेला प्लग निघतो.

८० लिटरच्या बॉयलरमध्ये तीन-चार जणांच्या आंघोळी होतात आणि टाकी पुन्हा तापायला अडीच तास लागतात. तेव्हा निम्म्यांनी सकाळी, निम्म्यांनी संध्याकाळी आंघोळ करावी.

घरातली थंडी अनपेक्षित असते. हिटिंग नाही, फरशी टाइल्सची, खिडक्या एकेरी काचेच्या. बाहेर पंधरा अंश म्हणजे काहीच नाही असं विमानात बसताना वाटतं; रात्री दहाला त्या फरशीवर अनवाणी चालताना वाटत नाही. घरात घालायच्या चपला, जाड मोजे, एकेक स्वेटर न्या आणि हीटर तसंच जादा ब्लँकेटं किती आहेत ते आधी विचारा. दुपारी खिडक्या उघडून ऊन आत घ्या आणि पाचच्या आत बंद करा.

समुद्र आणि धूळ

हिवाळ्यात अटलांटिकच्या लाटा मोठ्या असतात, विशेषतः उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावर. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. खडकातल्या नैसर्गिक कुंडांवर झेंडा नसतो. भरतीच्या वेळी आणि उधाणात तिथे जाऊच नका. आपत्कालीन क्रमांक ११२.

सहारातून येणाऱ्या धुळीला तिथे ‘कालिमा’ म्हणतात. आकाश पिवळट होतं, हवा कोरडी होते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी इनहेलर हातातल्या बॅगेत ठेवावा आणि त्या दिवशी खिडक्या बंद ठेवाव्यात. फेब्रुवारी २०२० मध्ये ही धूळ इतकी दाट झाली की विमानतळ बंद करावे लागले. परतीच्या दुसऱ्याच दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका आणि औषधं तीन-चार दिवसांची जास्त न्या.

निघताना

आल्या दिवशी सामान उघडण्याआधी प्रत्येक खोलीचा, शेगडीच्या काचेचा आणि बाहेरच्या खुर्च्यांचा व्हिडिओ घ्या. निघताना तोच फेरा पुन्हा. अनामतीवरून वाद झालाच तर तारखेसह हाच पुरावा. बहुतेक घरं सकाळी दहाला सोडावी लागतात. विमान संध्याकाळचं असेल तर दोन दिवस आधी विचारा. पुढचे पाहुणे त्याच दिवशी नसतील तर दुपारपर्यंत थांबू देतात, कधी थोडे पैसे घेऊन.

ब्रिटन किंवा आयर्लंडकडे जाणार असाल तर सिक्युरिटीनंतर पासपोर्ट तपासणीची आणखी एक रांग असते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या नव्या प्रवेश-निर्गमन नोंदणीत युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टवाल्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यामुळे ही रांग लांबते. शनिवार-रविवारी तर जास्तच. जेवण, खरेदी, मुलांचं शू-शी या रांगेच्या पलीकडे गेल्यावर करा. गेट क्रमांक लागायची वाट बघत अलीकडे बसू नका.